बापाने निवळलेली बिअर

योवानदानच्या, म्हणजे संत योवानच्या सणाच्या, सकाळी ओग्नेनने टाकीची तोटी सोडली, ग्लासात उतरलेली बिअर खिडकीशी नेऊन उजेडात धरली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बिअर स्वच्छ होती. इतकी स्वच्छ, की कुंपणापलीकडे बर्फात उभी असलेली मिलुंकाकाकूंची कोंबडी त्याला ग्लासातून पिसांसकट दिसली.

दुसरा कुठलाही बिअरवाला अशा वेळी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आला असता. पण ओग्नेनचं सगळं नाव गढूळपणावर उभं होतं. आरिल्येच्या आसपास रासबेरीला तोटा नाही. घरालगत ओस पडलेलं रासबेरीचं जुनं शीतगृह त्याने आणि त्याच्या बायकोने, नेवेनाने, घेतलं होतं, त्यात टाक्या बसवल्या होत्या, आणि ओट, गहू नि रासबेरीचा गर घालून तो अशी बिअर करायचा की ग्लासात कुणी गुलाबी धुकं कोंडून ठेवलंय असं वाटावं. बिअरचं नावही त्याने तेच ठेवलं होतं, माग्ला, म्हणजे धुकं. आणि आज त्या धुक्याचं लालभडक खोकल्याचं औषध झालं होतं.

बरं, व्हायचं तर कधी? नेमकं आजच. बेलग्रेडहून स्ताशा नावाची बाई यायची होती. तिच्या बिअरच्या दुकानांत जागा मिळाली की बिअरवाल्याचं वर्ष निघालं, असं या धंद्यात म्हणतात. स्ताशाची परीक्षा एकच होती. ती भरलेल्या ग्लासामागे आपलं बोट धरायची. बोट दिसलं, की ग्लास खाली ठेवायची आणि कोट अंगात घालायची. चव वगैरे गोष्टी बोट लपवणाऱ्या बिअरसाठी होत्या.

आणि स्ताशाने कोट अंगात घातला, तर ओग्नेन आणि नेवेनालाही कोट घालून निघावं लागणार होतं. नेवेनाच्या भावाने स्टुटगार्टला दोघांसाठी काम बघून ठेवलं होतं, ओग्नेनला एका गोदामात आणि नेवेनाला म्हाताऱ्यांच्या आश्रमात. योवानदान झाला की हो-नाही कळवतो, असं नवराबायकोने त्याला सांगितलं होतं. ओग्नेनचं स्टुटगार्टशी काही वाकडं नव्हतं. फक्त ते इथे नव्हतं, एवढंच. ओग्नेनच्या आईबापाला यातलं काही सांगितलं नव्हतं. नेवेनाने माळ्यावरची मोठी बॅग तेवढी खाली काढली होती, ती ऊन दाखवायला म्हणून. जानेवारीत आरिल्येला ऊन कुठून येणार, हे तिला कुणी विचारलं नाही.

ओग्नेनने नेवेनाला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनीच आली, कारण घरात स्लावाची गडबड होती. घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं, येणारे आपले आपण येतात, आणि आलेल्याला खाऊपिऊ घातल्याशिवाय सोडायचं नसतं. ओग्नेनने स्ताशाला फोनवर हे सांगून बघितलं होतं. ती म्हणाली होती की मी पाच मिनिटांत चाखून निघेन. बेलग्रेडच्या माणसांना असं वाटतं खरं.

“नासली का?” नेवेनाने ग्लासकडे बघत विचारलं.

“नासली असती तर बरं होतं. स्वच्छ झालीय.”

नेवेनाने हात पुसले, ग्लास घेतला, त्याच्यामागे बोट धरलं. बोट दिसलं. बोटावरचं पीठही दिसलं. तिने बॅग ठेवली होती त्या दिशेला एकदा पाहिलं, आणि ते ओग्नेनला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दोघं कारणं शोधू लागले. थंडी जास्त पडली असेल. गव्हाने दगा दिला असेल. परवा दोघं सामान आणायला दिवसभर उझित्सेला गेले होते, तेव्हा वीज गेली असेल. पण थंडी, गहू आणि वीज तिघांनी मिळूनही असं काम केलं नसतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी आणि गाळ खाली बसावा, तशी ती बिअर निवळली होती.

तेवढ्यात घरातून ओग्नेनच्या आईची, कोसाराची, हाक आली. ती हाक ऐकून दोघं धावले, कारण कोसारा सहसा आवाज चढवायची नाही.

स्वयंपाकघरात कोसारा एका पसरट भांड्यासमोर उभी होती. भांड्यात पिख्तिये होती, म्हणजे असायला हवी होती. डुकराचे पाय उकळून, लसूण घालून, तो रस्सा थंडीत ठेवला की त्याची थरथरती वडी जमते. सुरीने कापायची, वर तिखट भुरभुरायचं. योवानदानच्या टेबलावर पिख्तिये नसली, तर माणसं यजमानिणीची तब्येत विचारतात. कोसाराने भांडं तिरकं केलं. लसणाचा रस्सा या काठावरून त्या काठावर खुशाल गेला.

“जमलीच नाहीत,” ती म्हणाली. “हल्लीच्या डुकरांच्या पायांत जीव नसतो म्हणून मी वरून जिलेटिन घालते. फडताळात पुड्या ठेवल्या होत्या. रात्री हात घातला तर एक नाही. म्हटलं, पायांवर भागेल. हे बघ, भागलं.”

“दुकानातून आणायच्या,” नेवेना म्हणाली.

“दुकानात असतील तर आणेन ना.”

मागल्या दारातून मिलुंकाकाकू आल्या. शेजारच्या या बाईला दार वाजवायची सवय नव्हती. त्यांच्याही हातात एक भांडं होतं आणि त्यातही रस्सा हिंदकळत होता.

“कोसारा, तुझी जमलीत का? मी आज पाहुण्यांना पिख्तिये वाटीने प्यायला देणार आहे. खालच्या आळीलाही तोच प्रकार. अख्ख्या गावात जिलेटिनची पुडी नाही.” मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे तो फक्त अंगणापर्यंत ऐकू गेला. “दुकानातली पोरगी म्हणाली, परवा रादिसावने फळीच रिकामी केली. सगळ्या पुड्या एकट्याने नेल्या. मी म्हटलं, तुमच्याकडे काय अख्खं डुक्कर उभंच्या उभं जमवताय की काय?”

सगळ्यांनी मान वळवली. ओग्नेनचा बाप रादिसाव खिडकीशी बसून फडक्याने ग्लास पुसत होता. तो एकच ग्लास बराच वेळ पुसत होता.

आता रादिसावबद्दल सांगायला हवं. तो आलुबुखाराची राकिया, म्हणजे कडक दारू, गाळायचा, आणि त्याची राकिया पंचक्रोशीत वाखाणली जायची. राकिया पारखायची त्याची एक रीत होती. स्लावाच्या मेणबत्तीसमोर ग्लास धरायचा आणि त्यातून भिंतीवरच्या संत योवानच्या तसबिरीकडे बघायचं. संताची दाढी केसाकेसाने दिसली, तर राकिया टेबलावर यायची. नाही दिसली, तर ती पाय चोळायला. “ज्यातून संत दिसत नाही ते माझ्या टेबलावर नाही,” हे त्याचं वाक्य गावाला पाठ होतं. साहजिकच मुलाची बिअर त्या टेबलावर कधी आली नव्हती. गावातले लोक गमतीने विचारायचे, काय रादिसाव, पोराची बिअर कशी आहे? तो म्हणायचा, अजून व्हायची आहे. शीतगृहात पहिली टाकी लागली तेव्हापासून त्याचं हेच उत्तर होतं. त्याने त्या बिअरचा एक घोट घेतलेला कुणी पाहिला नव्हता. ओग्नेनला याचं वाईट वाटायचं. तो ते हसण्यावारी न्यायचा, पण वाटायचं.

“बाबा,” ओग्नेन म्हणाला, “टाकीत काय घातलंत?”

“जिलेटिन.” रादिसावने ग्लास खाली ठेवला. “कोमट पाण्यात विरघळवून, गाळून घातलं. कच्चं नाही टाकलं. मला काही अक्कल आहे.”

“किती?”

“होतं तेवढं.”

मग त्याने शांतपणे सगळं सांगितलं. त्याचे आजोबा वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक घालायचे. पण एवढ्या मोठ्या टाकीला अंडी लागणार किती, आणि जानेवारीत कोंबड्या कुठल्या अंडी द्यायला. मग त्याला कोसाराच्या पुड्या आठवल्या. त्या पुरतील असं वाटेना, म्हणून तो दुकानात गेला. पाहुणी बेलग्रेडहून येणार, स्लावाच्या दिवशी येणार, म्हणजे टेबलावर बसणार, आणि तिच्यासमोर बिअर ठेवावीच लागणार. मग एक तर टेबलाचा नियम मोडा नाहीतर बिअर सुधारा.

“मी गावाला इतकी वर्षं सांगतोय की बिअर अजून व्हायची आहे,” रादिसाव म्हणाला. “आता झाली.”

ओग्नेनने डोक्याला हात लावला. बापावर ओरडावं की रडावं हे त्याला ठरवता येईना, आणि स्लावाच्या दिवशी दोन्ही चालत नाही. मिलुंकाकाकू मात्र हातातलं भांडं टेबलावर आपटून म्हणाल्या, म्हणजे गावाची पिख्तिये पोराच्या बिअरमध्ये बुडाली तर. कोसारा नवऱ्याला एवढंच म्हणाली, “तुझ्याशी मी उद्या बोलते.” तिच्या तोंडी हे वाक्य आलं की रादिसाव उद्यापर्यंत फार नीट वागायचा.

ओग्नेन आणि नेवेना पुन्हा टाकीपाशी आले. गढूळ गोष्ट निवळायची कशी हे जगाला माहीत आहे. निवळलेली गढूळ कशी करायची, यावर कुणी कधी डोकं खर्च केलेलं नाही. नेवेनाने सुचवलं, पीठ घालून बघू. काचेच्या एका जगमध्ये बिअर काढून तिने मूठभर पीठ घातलं आणि ढवळलं. गुठळ्या झालेल्या पिठल्यासारखं काहीतरी जगमध्ये फिरू लागलं. मग ओग्नेनने फ्रीजरमधला रासबेरीचा गर काढून दुसऱ्या जगमध्ये घोटला. रंग झकास आला. दोघं श्वास रोखून बघत राहिले. पाहता पाहता वरची बिअर काचेसारखी निवळली, आणि गर तळाशी जाऊन बसला. बिअरमध्ये अजून इतकं जिलेटिन शिल्लक होतं, की जे जे तरंगेल त्याला ते खाली ओढून नेत होतं. रादिसाव कुठलंही काम अर्धवट करायचा नाही, हे सगळा गाव जाणत होता. ओग्नेनने ते दोन्ही जग वैतागून बाहेर खिडकीच्या कठड्यावर बर्फात ठेवून दिले.

“तळाचा गाळ वर आणायचा,” तो म्हणाला. “धुकं कुठे गेलेलं नाही. खाली बसलंय. खालून गॅस सोडतो, सगळं उठेल.”

“आणि जिलेटिन?”

“तेही उठेल. काय करू?”

त्याने तळाच्या झडपेला नळी लावली आणि गॅस सोडला. टाकीच्या पोटात गडगड झाली. दोघांना आशा वाटली. ओग्नेनने तोटी उघडली. काही आलं नाही. त्याने आणखी उघडली. तोटीतून एक गुलाबी, बुळबुळीत तुकडा डोकावला, थरथरला, आणि तिथेच बसून राहिला. ओग्नेन वाकून बघायला गेला, आणि बैल शेण टाकतो तसा आवाज होऊन टाकीने तळचा सगळा ऐवज त्याच्या छातीवर रिता केला. स्लावासाठी आईने इस्त्री करून दिलेला पांढरा शर्ट गळ्यापासून पँटपर्यंत गुलाबी झाला. त्याच्या मागोमाग जी बिअर आली ती मात्र पुन्हा स्वच्छ होती.

फाटकाशी मोटार थांबल्याचा आवाज आला.

स्ताशा उंच, चाळिशीची, कमी बोलणारी बाई होती. तिने ओग्नेनचा शर्ट पाहिला, बुटांवरचा बर्फ झटकला आणि म्हणाली, टाकी दाखवा, मला पाच मिनिटं आहेत. पण तेवढ्यात कोसारा दारात आली, आणि पाच मिनिटांचा प्रश्न कायमचा मिटला. कोसाराने तिचा कोट काढून घेतला. कोट कुठे ठेवला हे तिने सांगितलं नाही. संतासाठी उकडलेल्या गोड गव्हाचा चमचा तिच्या तोंडात गेला, हातात राकियाचा ग्लास आला, आणि ती आपण नको म्हणालो होतो का हे आठवेपर्यंत तिच्यासमोर सूपही आलं.

टेबल भरलेलं होतं. नातेवाईक, शेजारी, खालच्या आळीचे म्हातारे, सगळे आपले आपण आले होते. पूर्वेच्या भिंतीवर संत योवान, त्याच्यासमोर जळती मेणबत्ती. रादिसाव नव्या शर्टात टेबलाच्या टोकाशी उभा होता. स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही. तो सकाळपासून पाहुणे जाईपर्यंत उभा राहून वाढतो, कारण त्या दिवशी घर संताचं असतं आणि यजमान त्याचा वाढपी. रादिसावचे गुडघे दुखायचे, तरी तो नियम त्याने कधी मोडला नव्हता.

कोबीत गुंडाळलेलं मटण आलं, भाजलेलं डुक्कर आलं. पिख्तियेची जागा रिकामी होती, आणि म्हातारे त्या रिकाम्या जागेकडे बघून कोसाराला तब्येत कशी आहे असं विचारत होते.  ओग्नेनला वाटत होतं, जेवण असंच चालू राहावं, अगदी वसंत येईपर्यंत.

पण रादिसाव आत गेला आणि बिअरचा जग घेऊन आला. त्याने स्वतःच्या हाताने बिअर स्ताशाच्या ग्लासात ओतली. मग जमलेल्या सगळ्यांना दिसेल असा तो ग्लास मेणबत्तीसमोर धरला. ग्लासातून संत दिसला. दाढी दिसली, केसाकेसाने.

“पोराची बिअर,” रादिसाव म्हणाला.  “झाली एकदाची.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, एकदोघांनी ओग्नेनच्या पाठीवर थाप मारली. एवढ्या वर्षांत ओग्नेनच्या बिअरला गावाने दिलेली ही पहिली शाबासकी होती, आणि ती बिअर त्याने केलेली नव्हती. आपल्या वडिलांच्या टेबलावर आपली बिअर यावी म्हणून तो किती झुरला होता. आता ती समोर होती आणि त्याला ती उचलून खिडकीबाहेर फेकावीशी वाटत होती.

स्ताशाने ग्लास घेतला. ग्लासामागे बोट धरलं. लाल नेलपॉलिश लावलेलं ते बोट सगळ्यांना स्वच्छ दिसलं. तिने ग्लास खाली ठेवला.

“ही माग्ला नाही,” ती म्हणाली. “चांगली असेल. पण अशी स्वच्छ बिअर मला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मी धुक्यासाठी आले होते.” तिने ओग्नेनकडे पाहिलं. “तुमच्या शर्टावर आहे तेवढंच शिल्लक आहे का?”

 नेवेना खाली बघत होती. ओग्नेन सांगायला तोंड उघडणार, की काही तांत्रिक अडचण झाली, तेवढ्यात रादिसाव बोलला.

“त्याचा दोष नाही. मी केलं ते. गावाच्या पिख्तियेचं जिलेटिन टाकीत घातलं, त्याला न विचारता.”

असं रादिसाव पाहुण्यांसमोर कधी बोलेल, हे कोसारालाही खरं वाटलं नाही. तो फडकं हातात घेऊन उभा होता आणि स्ताशाकडे न बघता मुलाकडे बघत होता.

“माळ्यावरची बॅग खाली आलेली मला दिसते. भिंती पातळ आहेत, स्टुटगार्टही ऐकू येतं. मला वाटलं, बाई बेलग्रेडची, गढूळ बिअर बघून उठून जाईल, आणि मग तुम्हीपण जाल. म्हटलं, निदान टेबलावर ठेवण्याजोगी तरी करून देऊ.”

 सकाळपासून बापावर साठवलेला राग कुठे ठेवावा हे ओग्नेनला कळेना. करायला गेला एक आणि झालं भलतंच, पण करायला कुणासाठी गेला होता ते आता टेबलावरच्या सगळ्यांना कळलं होतं.

स्ताशा म्हणाली, वाईट वाटतं, पण पुढच्या खेपेला बघू. ती कोटासाठी इकडेतिकडे बघू लागली. कोट काही दिसेना.

 रादिसावने फडकं खांद्यावर टाकलं.

“मी जरा बटाटे बघून येतो,” तो म्हणाला.

“आत्ता बटाटे?” कोसारा म्हणाली. “पाहुण्यांसमोर? आज तरी राहू देत.” ती स्ताशाला सांगू लागली की या माणसाला बटाट्यांचं फार वेड. रोज संध्याकाळी तळघरात जाऊन बघून येतो, सडले तर नाहीत ना. तासभर बघतो. म्हातारपणी माणसाला कशाचा लळा लागेल सांगता येत नाही.

रादिसाव वर आला तेव्हा त्याच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. त्याने ते टेबलाखाली ठेवलं आणि पोतं बाजूला केलं. बिअरचं छोटं पिंप होतं. ओग्नेनने ते लगेच ओळखलं. शरद ऋतूपासून ते गायब होतं, आणि त्याचं खापर त्याने मिलुंकाकाकूंच्या जावयावर फोडलं होतं. जावई या घरात बोलत नव्हता. आज आला होता तोही तोंड फिरवून बसला होता.

रादिसावने सवयीच्या हाताने पिंपाची तोटी लावली, ग्लास तिरका धरला, शेवटी सरळ केला. फेस बोटभर, जास्त नाही की कमी नाही. एवढं नीट भरायला ओग्नेनला स्वतःला वर्ष लागलं होतं. ग्लासात गुलाबी धुकं दाटलं.

स्ताशाने ग्लासामागे बोट धरलं. बोट गेलं. तिने सगळा पंजा धरला. पंजाही गेला. मग तिने घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घोट घेतला. 

“ही,” ती म्हणाली. “हीच. ही कुठून आली?”

“जिलेटिन घालण्याआधी काढून ठेवली,” रादिसाव म्हणाला.

“कशाला?”

“ओतून द्यायला.”

“पिंप शरद ऋतूपासून गायब आहे, बाबा,” ओग्नेन म्हणाला.

रादिसाव फडक्याची घडी घालू लागला. त्याने ती घडी फार काळजीपूर्वक घातली. मिलुंकाकाकूंचा जावई प्रथमच ओग्नेनकडे वळून बघत होता. आणि कोसाराच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडू लागलं.

“बटाटे,” ती म्हणाली. “तरीच. बटाटे बघून आलेला माणूस गुणगुणत कसा येतो, असं मला रोज वाटायचं.”

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. रादिसावने कबूल केलं, की पहिला ग्लास त्याने नुसता बघायला घेतला होता, पोरगा काय चूक करतोय ते कळावं म्हणून. एका ग्लासात चूक सापडली नाही. दुसऱ्यातही सापडली नाही. मग तो रोज शोधत राहिला. पिंप रिकामं झालं की दोघं बाहेर असताना टाकीवरून भरून आणायचा. टाकीतली बिअर नेहमी थोडी कमी भरते, ते फेसाने होतं, असं ओग्नेन समजत होता.

“मग एवढी आवडत होती तर निवळलीत कशाला?” स्ताशाने विचारलं.

रादिसावला या प्रश्नाचंच नवल वाटलं. “पिणं वेगळं आणि टेबलावर ठेवणं वेगळं,” तो म्हणाला. “मला काय आवडतं ते मी तळघरात पितो. टेबलावर संत बघत असतो.”

स्ताशा हसली. तिला हसताना बेलग्रेडमध्येही फार लोकांनी पाहिलं नसेल. ती ओग्नेनला म्हणाली, पुढची टाकी होईल ती सगळी मला द्या, आणि तिच्यानंतरचीही. जो माणूस स्वच्छतेपायी गावाची पिख्तिये बुडवतो, तोच जर चोरून हे धुकं पीत असेल, तर मला बेलग्रेडच्या गिऱ्हाइकांची काळजी नाही. फक्त अट एक. टाकीच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली यांच्याकडे नाही.

नेवेना उठली, बाहेरच्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळाने ती बॅग माळ्यावर चढवल्याचा धप्प असा आवाज आला.  कोसाराने पदराने डोळे पुसावेत तसे हातातल्या फडक्याने पुसले आणि सगळ्यांना पुन्हा मटण वाढायला घेतलं. ओग्नेन मिलुंकाकाकूंच्या जावयाशेजारी जाऊन बसला. माफी त्याने शब्दांत मागितली नाही, पण त्याचा ग्लास तीनदा भरला, आणि जावयाला तेवढं पुरलं.

निवळलेली बिअरही वाया गेली नाही. खालच्या आळीच्या म्हाताऱ्यांनी ती संत योवानच्या साक्षीने संपवत आणली. पोरगा सुधारला, असं ते एकमेकांना सांगत होते. इकडे मिलुंकाकाकूंना खिडकीच्या कठड्यावर ते दोन जग सापडले होते. बर्फात राहून त्यातली बिअर गच्च जमली होती. त्यांनी जग उपडा केला, सुरीने वडी कापली, चाखली, आणि दोन्ही जग ॲप्रनखाली घालून आपल्या घरी नेले. त्यांच्याकडचे पाहुणे त्या दिवशी फार उशिरापर्यंत उठले नाहीत, आणि पिख्तियेत तिखट का नाही असं एकानेही विचारलं नाही.

निघायच्या आधी स्ताशाने एक हट्ट धरला. यजमानाने आमच्यासोबत एक ग्लास घ्यायला हवा, आणि तळघरात नाही, इथे. सगळ्यांनी तिचीच री ओढली. रादिसावने बरेच आढेवेढे घेतले. शेवटी त्याने माग्लाचा ग्लास हातात घेतला आणि जन्माच्या सवयीने तो मेणबत्तीसमोर धरला. मेणबत्ती धुक्यात गेली. तसबीर गेली. दाढी तर कुठल्या कुठे गेली.

“दिसतोय का संत?” कोसाराने विचारलं. तिच्या आवाजात उद्याचं बोलणं अजून शिल्लक होतं.

“नाही,” रादिसाव म्हणाला.

 मग ग्लास आहे तिथेच, तसबिरीच्या आणि आपल्या मध्ये धरून ठेवत, दुसऱ्या हाताने हळूच एक खुर्ची ओढली आणि दुखरे गुडघे दाबत तिच्यावर बसला.

“म्हणजे त्यालाही मी दिसत नसणार,” तो म्हणाला. “आज तेवढंच बरं.”